विक्रमाच्या टेकाडावर बसलेले आपण सगळे

उज्जैनला रामघाटावर संध्याकाळी बसायला मिळाले तर माणसाने गप्प बसावे, एवढी साधी अक्कल मला आहे. समोर क्षिप्रा, पलीकडच्या काठावर दत्त आखाड्याचा घाट, आरतीची तयारी चाललेली, पाण्यात पानांच्या द्रोणातले दिवे हळूहळू पुढे सरकताहेत. अशा वेळी वाद घालणे म्हणजे पापच. पण माझे भावोजी इंदूरचे. इंदूरच्या मराठी माणसाला पोहे, राजकारण आणि कुस्ती या तीन विषयांवर गप्प बसवणे खुद्द महाकालालाही जमणार नाही!

झाले असे की, आमच्या जवळच दोन-तीन तरुण पोरे पायऱ्यांवर जोर मारत होती. अंगे कशी घोटीव, तेल लावून चकचकीत केल्यासारखी. मी सहज म्हणालो, "काय कमावलंय हो शरीर!" भावोजी लगेच म्हणाले, "ही खरी तालमीची पोरं. तुमच्या महाराष्ट्र केसरीसारखी गोळ्या खाऊन फुगलेली नव्हेत."

"कोण महाराष्ट्र केसरी?"

"कोण काय? तो नरसिंग यादव. गोळ्या खाताना पकडला नव्हता का!"

आता मी गोव्याचा. आमच्याकडे फुटबॉल चालतो, कुस्ती नाही. महाराष्ट्र केसरी 'माझा' कसा झाला हे भावोजींनाच ठाऊक. पण त्या एका वाक्याने माझी ती संध्याकाळ गेली आणि परत आल्यावरचे दोन रविवारही गेले. म्हणून हे लिहितो आहे.

आधी जे घडले ते नीट सांगतो, कारण या विषयावर बोलणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना तेवढेही आठवत नसते.

नरसिंग पंचम यादव. मूळ घर उत्तर प्रदेशात, वाढला मुंबईत जोगेश्वरीला. वडील दुधाचा धंदा करणारे. कांदिवलीच्या साई केंद्रात जगमाल सिंगांच्या हाताखाली तयार झाला. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ७४ किलो गटात सुवर्णपदक. २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१२ साली लंडन ऑलिंपिकला गेला, अर्जुन पुरस्कार मिळाला, महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक झाला. २०१४ साली इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कांस्य. २०१५ साली लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य, आणि त्याबरोबर रिओ ऑलिंपिकची ७४ किलो गटातली भारताची जागा.

त्या जागेवर दावा सांगणारा दुसरा मल्ल म्हणजे सुशील कुमार, दोन ऑलिंपिक पदकांचा मानकरी. निवड चाचणी घ्या अशी त्याची मागणी होती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि जून २०१६ मध्ये न्यायालयाने ती मागणी फेटाळली. नरसिंग जाणार हे ठरले. उज्जैनचा सिंहस्थ त्याच वर्षी मे महिन्यात संपला होता. याच घाटावर लाखो माणसे पापे धुऊन नुकतीच घरी परतली होती.

मग जुलैच्या २४ तारखेच्या सुमारास बातमी फुटली. सोनीपतच्या सराव शिबिरात घेतलेल्या त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन हे स्नायू वाढवणारे स्टेरॉइड सापडले होते. पहिला नमुना २५ जूनचा, दुसरा ५ जुलैचा. त्याच्याच खोलीत राहणाऱ्या मल्लाच्या नमुन्यातही तेच सापडले. नरसिंग म्हणाला, माझ्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळले. १ ऑगस्टला राष्ट्रीय उत्तेजक प्रतिबंधक संस्थेच्या, म्हणजे 'नाडा'च्या समितीने त्याचे म्हणणे मान्य केले. २ जूनपर्यंतचे त्याचे नमुने स्वच्छ होते आणि हा घातपात आहे, असे ठरवून त्याला मोकळे केले. जागतिक संस्था 'वाडा'ने त्यावर अपील केले. १८ ऑगस्टला, त्याच्या कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच क्रीडा लवाद न्यायालयाच्या पीठाने निकाल फिरवला. पहिल्या नमुन्यातले प्रमाण इतके जास्त आहे की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीमुळे आलेले दिसत नाही, गोळीच्या रूपाने एक-दोन गोळ्या घेतल्याने आलेले दिसते, असे तज्ज्ञाचे मत पीठाने ग्राह्य धरले. घातपाताचा खरा म्हणता येईल असा पुरावा नाही. चार वर्षे बंदी.

नरसिंग रिओत होता आणि त्याला मॅटवर पाऊल न ठेवता परतावे लागले.

आता या २५-२६ दिवसांत आपण काय केले ते आठवून बघा. मी माझ्या कचेरीचेच सांगतो. बातमी आली त्या दिवशी चहाच्या वेळी आमचा निकाल लागला: "शेवटी भैयाच तो, पैशासाठी काहीही करेल." आदल्या वर्षी लास व्हेगासहून पदक आले तेव्हा हाच माणूस 'आपला महाराष्ट्र केसरी' होता, 'मराठी मातीतला मल्ल' होता. पॉझिटिव्ह आल्याबरोबर एका रात्रीत त्याला दादरला उत्तरेकडच्या गाडीत बसवून दिले! आठवड्याने नाडाने सोडले तेव्हा तीच माणसे म्हणाली, "बघा, आम्ही म्हणत नव्हतो? सुशीलच्या लोकांनी केलं. गरिबाच्या पोराला पुढं येऊ देत नाहीत." आणि १९ ऑगस्टच्या सकाळी पुन्हा पहिला निकाल कायम. एका महिन्यात तीन निकाल, तिन्ही पक्के, तिन्ही शंभर टक्के खात्रीचे. आणि यातल्या एकाही न्यायाधीशाने एकही कागद वाचलेला नव्हता.

वाचकहो, मी नरसिंगचे वकीलपत्र घेतलेले नाही, हे इथेच सांगून टाकतो. त्याने गोळ्या घेतल्या की घेतल्या नाहीत, मला माहीत नाही. माझे भांडण वेगळे आहे. ते लवाद न्यायालयाशी नाही, भावोजींशी आहे. म्हणजे आपल्या सगळ्यांशी आहे.

लवादाने काय ठरवले आणि कसे ठरवले, हे आधी समजून घ्यायला हवे. खेळातला उत्तेजकांचा कायदा फौजदारी कायद्यासारखा नाही. तुमच्या अंगात जे सापडले ते तुमचे, तुम्ही ते कसे घेतले, कुणी दिले, हा नंतरचा प्रश्न. सिद्ध करायचे ते खेळाडूने. स्टेरॉइडसारखा पदार्थ असेल तर चार वर्षे शिक्षा ठरलेली. ती कमी करून घ्यायची तर 'मी जाणूनबुजून केले नाही' हे खेळाडूनेच पटवून द्यायचे. आणि मोजमाप कसले? फौजदारी खटल्यात लागतो तसा संशयातीत पुरावा नव्हे. जास्त शक्यता कुठल्या बाजूला, एवढेच पाहायचे. तराजूचे पारडे थोडे जरी कलले तरी पुरे.

हे वाचून कुणाला अन्याय वाटेल. मला वाटत नाही. असा कडक नियम का करावा लागला त्याला इतिहास आहे. पूर्व जर्मनीने सरकारी खर्चाने कोवळ्या मुलींना स्टेरॉइड दिली, त्यांना जीवनसत्त्वाच्या गोळ्या म्हणून सांगून. मॅरियन जोन्स कित्येक चाचण्यांतून सहीसलामत सुटली आणि २००७ साली तिने स्वतःच कबुली दिली. लान्स आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षे छातीठोकपणे नाही म्हणत राहिला, संशय घेणाऱ्यांना कोर्टात खेचत राहिला. कर्करोगावर मात करून आलेला वीर म्हणून जगाने त्याच्यावर विश्वास ठेवला. २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे गेली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर सगळे मान्य केले. 'कुणीतरी मिसळले' एवढे म्हटल्याने सुटका होऊ लागली तर उद्या प्रत्येक जण तेच म्हणेल. म्हणून खेळाला असा नियम लागतो.

पण हा नियम कशासाठी आहे? स्पर्धा स्वच्छ ठेवण्यासाठी. कुणाला खेळू द्यायचे आणि कुणाला नाही, एवढे ठरवण्यासाठी. 'हा माणूस चोर आहे' असा दाखला देण्यासाठी तो केलेलाच नाही! 'जास्त शक्यता अशी दिसते' या वाक्याचे आपण चहाच्या कपाबरोबर 'पकडला गेला, सिद्ध झालं' असे भाषांतर करतो. तिथेच खरी गडबड होते.

मी रामघाटावर भावोजींना समोरची नदीच दाखवली. म्हटले, "भावोजी, या पाण्याचा नमुना घेतला तर तो कुणाचा?" क्षिप्रेत आज वाहते ते सगळे पाणी क्षिप्रेचे नाही. २०१४ साली नर्मदेचे पाणी पंपाने वर चढवून क्षिप्रेच्या उगमापाशी आणून सोडले, म्हणून ती वाहती दिसते. आणि इंदूरकडून येणारी कान्ह नदी शहराचे सांडपाणी घेऊन तिला येऊन मिळते. पाणी तपासले तर ते घाण निघणार, यात वाद नाही. माणसांनी त्यात आंघोळ करू नये अशी पाटी लावली तर तेही बरोबर. पण 'क्षिप्रा घाणेरडी नदी आहे' असे म्हणून मोकळे झालात तर इंदूरचे गटार कुणी बघायचे? भावोजी जरा चपापले. इंदूरचे ना! म्हणाले, "नदीला तोंड नाही, माणसाला आहे." मला वाटते, हाच त्यांचा सर्वांत मोठा मुद्दा होता आणि तोच सर्वांत खोटा. नरसिंगला तोंड होते, त्याने ते वापरले, आणि आपण ते ऐकले कुठे? आपल्याला सोयीचे होते तेव्हा ऐकले आणि गैरसोयीचे झाले तेव्हा थापा म्हणून सोडून दिले.

याची दुसरी बाजू नरसिंगच्या चाहत्यांना आवडणार नाही, पण ती लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घातपाताच्या गोष्टीत एक दुसरा मुलगा होता. सोनीपतच्या शिबिरातलाच एक कनिष्ठ मल्ल. यानेच जेवणात भुकटी टाकली असा आरोप झाला, पोलिसांत तक्रार गेली, त्याचे नाव, फोटो, तो कुणाचा नातेवाईक, सगळे देशभर छापून आले. मी ते नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लवाद न्यायालयासमोर त्या मुलाविरुद्ध खरा म्हणावा असा पुरावा आला नाही. पुढे प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडेही गेले. पण तोवर आपला निकाल लागून गेला होता. 'नरसिंगवर अन्याय झाला' म्हणत हळहळणाऱ्या भल्या माणसांनी त्याच दमात एका पोराला गुन्हेगार ठरवले होते. एकाला निर्दोष म्हणायचे तर दुसरा कुणीतरी दोषी हवाच, नाही तर आपल्याला चैन पडत नाही. नरसिंगला न्याय हवा होता की आपल्याला गोष्टीचा शेवट हवा होता? माझे मत विचाराल तर दुसरेच.

आणि चाचणी म्हणजे देववाणी, असे ज्यांना वाटते त्यांना सुनीता राणीची आठवण करून देतो. २००२ साली बुसानच्या आशियाई स्पर्धेत या पंजाबी मुलीने १५०० मीटरमध्ये सुवर्ण आणि ५००० मीटरमध्ये कांस्य जिंकले. नमुन्यात नॅन्ड्रोलोन सापडले म्हणून पदके काढून घेतली. नंतर प्रयोगशाळेच्या कामातच घोळ असल्याचे दिसून आले, ती निर्दोष ठरली, पदके परत मिळाली. मधल्या काळात लोक तिच्याबद्दल जे बोलले ते कुणी परत घेतले? पदक परत करता येते, बोललेले शब्द कुठल्या प्रयोगशाळेत जमा करायचे? आपली दिल्लीची राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळासुद्धा ऑगस्ट २०१९ मध्ये वाडाने निलंबित केली होती, ती मान्यता परत मिळायला डिसेंबर २०२१ उजाडले. तपासणाऱ्याचीही तपासणी लागते, हे विज्ञानानेच मान्य केलेले आहे. न मान्य करणारे फक्त आपण.

आता इथे 'निलंबित' हा शब्द आला म्हणून थोडे माझ्या धंद्यातले सांगतो. मी सरकारी कारकून. बी.ए. मराठी घेऊन केले आणि आयुष्य गेले टिपणी लिहिण्यात. पण खात्यांतर्गत चौकशी या प्रकाराची मला जी माहिती आहे ती भल्याभल्या क्रीडा समीक्षकांना नसेल. आमच्याकडे १९६५चे वर्तणूक-शिक्षेचे नियम आहेत, त्यात नियम १४ मोठ्या शिक्षेचा, १६ लहान शिक्षेचा. त्या चौकशीतही पुराव्याचे माप नेमके हेच, क्रीडा लवादाचे: संशयातीत नव्हे, जास्त शक्यता कुठली तेवढेच. म्हणून कोर्टातून सुटलेला माणूस खात्यात दोषी ठरू शकतो. आणि कर्मचाऱ्याला निलंबित करतात तेव्हा कायदा पुन्हा पुन्हा सांगतो की निलंबन ही शिक्षा नव्हे. अर्धा पगार निर्वाहभत्ता म्हणून मिळतो, चौकशी होईपर्यंत घरी बसायचे. कायदा म्हणतो शिक्षा नव्हे. कचेरी काय म्हणते?

साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नवीनच लागलो होतो. आमच्या कचेरीत (नाव लिहीत नाही, तुम्ही शोधूही नका) एक पावतीपुस्तक गहाळ झाले. ते ज्यांच्या ताब्यात होते ते माझे वरिष्ठ सहकारी, सेवेची अडीच-तीन वर्षे उरलेले. मला टिपणी लिहायला त्यांनीच शिकवले होते. 'सादर' आणि 'सविनय सादर' यातला फरक, मागच्या पानाचा संदर्भ कसा द्यायचा, साहेबाला न आवडणारी गोष्ट कागदावर कशी आणायची, सगळे. त्यांना निलंबित केले. कँटीनमध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणाले, "आग असल्याशिवाय धूर निघत नाही." ते कुणीतरी म्हणजे मी. मला चांगले आठवते, कारण लोक हसले होते आणि नवीन पोराला बरे वाटले होते.

चौकशी दोन वर्षांहून जास्त चालली. शेवटी आरोप सिद्ध झाला नाही. पावतीपुस्तक कधीच सापडले नाही. ते कामावर परत आले तेव्हा निवृत्तीला जेमतेम तीन महिने होते. त्या तीन महिन्यांत त्यांच्या टेबलावर कुणी किल्ली ठेवली नाही, पैशाचा कागद दिला नाही. निरोप समारंभात चहा-समोसे वाटायचे काम माझ्याकडे होते. त्यांना कप दिला तेव्हा ते हळूच म्हणाले, "अरे, तू एकदा घरी येऊन विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

मी विचारले नव्हते. त्या दोन वर्षांत मी त्यांच्या घरावरून रोज बसने जात होतो. माझा निकाल आधीच लागलेला होता, मग विचारायचे काय?

आजही मला ठाऊक नाही की त्यांनी ते पुस्तक गहाळ केले होते की नव्हते. कदाचित केलेही असेल. पण माझी चूक त्याच्यावर अवलंबून नाही, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. ते दोषी असते तरी मी कँटीनमध्ये जे बोललो ते चूकच होते. मला माहीत नव्हते आणि मी माहीत असल्यासारखा बोललो.

म्हणून भावोजींचे ते वाक्य मला इतके लागले.

आता कुणी म्हणेल, मग काय कुणाला काही बोलायचेच नाही? भारतात उत्तेजकांचा सुळसुळाट झालाय, आणि तुम्ही संशयाचा फायदा वाटत सुटलात! सुळसुळाट आहेच, आणि तो मी लपवत नाही. वाडाच्या २०२३च्या आकड्यांनुसार भारतात ५,६०६ नमुने तपासले, त्यातले २१३ पॉझिटिव्ह, म्हणजे ३.८ टक्के. पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. लाज वाटावी असाच आकडा आहे. पण नीट बघा, आपण या आकड्याचे करतो काय? एक नाव पकडतो, त्याच्यावर थुंकतो आणि आपण स्वच्छ झालो असे समजतो. जणू रामघाटावर बुडी मारली! शिबिरातल्या स्वयंपाकघराला कुलूप आहे की नाही, डबाबंद पावडरी कोण आणून देतो, गावातल्या व्यायामशाळेत सुई कोण टोचतो, प्रशिक्षकाला पदकामागे काय मिळते, हे कुणी विचारत नाही. २०११ साली अश्विनी अकुंजीसह आपल्या रिले संघातल्या मुली पॉझिटिव्ह आल्या. त्यांचे म्हणणे होते की परदेशी प्रशिक्षकाने आणून दिलेल्या जिनसेंगमधून ते आले. आधी एक वर्षाची बंदी, मग लवादाने ती दोन वर्षांची केली. मुली बदनाम झाल्या, पण पुरवठ्याची साखळी किती तुटली? २१३ हा आकडाच त्याचे उत्तर देतो.

बोला ना! जरूर बोला. पण कशावर बोलायचे ते ठरवा. बंदीवर बोला, नियमावर बोला, शिबिराच्या कारभारावर बोला. नाव सुनावणीआधी फुटते कसे यावर तर बोलाच, कारण खेळाडूला रीतसर कळवण्याआधी नाव जाहीर करू नये असे वाडाची संहिताच सांगते. 'लवादाने त्याला दोषी ठरवले' असे म्हणा, ते सत्य आहे. 'त्याला बंदी झाली आणि ती योग्य होती' असेही म्हणा, तुमचे मत आहे. पण 'तो चोर आहे', 'भैयाच तो', 'त्या पोराने विष घातलं' हे म्हणायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

आणि शिक्षेला शेवट असतो, हेही लक्षात ठेवा. नरसिंगची बंदी २०२० साली संपली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेलग्रेडला तो पुन्हा मॅटवर उतरला. तिशी ओलांडलेला, चार वर्षे बाहेर राहिलेला मल्ल, पूर्वीची ताकद कुठून आणणार? २०२४ साली कुस्ती महासंघाच्या खेळाडू आयोगाचा अध्यक्ष म्हणून तो निवडून आला, तेव्हा पुन्हा तीच ओरड: डोपिंगवाला अध्यक्ष! त्या पदावर तो हवा की नको यावर दोन मते असू शकतात. पण लवादाने चार वर्षे म्हटले होते, जन्मठेप नव्हे. आमच्या खात्यात दोन वेतनवाढी रोखल्या तर तिसऱ्या वर्षी वाढ मिळते. नियम शिक्षा मोजून देतो. मोजत नाही तो समाज. तो एकदा देतो आणि विसरतो, आणि ज्याला दिली तो मरेपर्यंत ती भोगतो.

रामघाटाजवळच हरसिद्धीचे देऊळ आहे. तिथल्या दोन दीपमाळा पाहून गोव्याच्या माणसाला घरी आल्यासारखे वाटते. महाकालाचे आजचे देऊळ राणोजी शिंद्यांच्या दिवाणांनी, रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभे केले. हे शेणवी आमच्याच बाजूचे, हे मी भावोजींना तीन वेळा सांगितले. पण उज्जैन म्हटले की आपल्याला आठवतो तो विक्रमादित्य आणि त्याचे बत्तीस पुतळ्यांचे सिंहासन. लहानपणी गोष्ट ऐकली असेल. एक गुराखी पोर टेकाडावर बसले की अचूक न्याय देई आणि खाली उतरले की पुन्हा साधा गुराखी होई. कारण टेकाडाखाली विक्रमाचे सिंहासन पुरलेले होते. भोजराजाने ते खणून काढले, त्याच्यावर बसायला गेला, तर एकेका पुतळीने त्याला अडवून विचारले: विक्रमाचे औदार्य तुझ्यात आहे का? त्याचे धैर्य आहे का? मगच बस.

आज आपण प्रत्येक जण टेकाडावर चढून बसलो आहोत. कँटीनचे बाक, पानाची टपरी, हातातला मोबाइल, सगळीकडे टेकाडेच टेकाडे. फक्त खाली सिंहासन पुरलेले नाही, आणि 'तुला यातलं काय माहीत आहे रे?' असे विचारणारी एकही पुतळी उरलेली नाही.

असो. आरती संपली, गर्दी पांगली, जोर मारणारी पोरे अंग पुसून निघून गेली. भावोजींनी बूट घालता घालता पुन्हा विचारले, "ते सगळं ठीक आहे हो. पण शेवटी एक सांगा. घेतल्या होत्या का त्याने गोळ्या?"

मी म्हटले, "मला माहीत नाही."

"हे काय उत्तर झालं?" म्हणाले आणि चिडून पायऱ्या चढू लागले.

मित्रहो, हेच उत्तर आहे. वीस वर्षांपूर्वी कँटीनमध्ये मला ते देता आले असते तर एका म्हाताऱ्या माणसाचे शेवटचे तीन महिने जरा बरे गेले असते.